ग्रुपवरच्या त्या मेसेजबद्दल

प्रिय बाळा,

परवा तू फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज बघितला. मुलं पळवणारी टोळी आलीय, खाली तीन अनोळखी माणसांचा फोटो आणि शेवटी 'जास्तीत जास्त शेअर करा'. फोनवर बोलले असते पण फोनवर तू हो हो म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहितेय, नीट वाच.

ताईचं पिल्लू लहान आहे, त्याच्या काळजीनेच पाठवलंस ते कळतंय मला. पण राईनपाड्यात जमलेल्या लोकांच्या मनात पण मुलांचीच काळजी होती रे. तू तेव्हा शाळेत होतास, तुला आठवत नसेल. आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, १ जुलै २०१८ ला, रविवारी, आठवडी बाजार भरलेला. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते, बहुतेक जण मंगळवेढ्याकडचे, गावोगाव फिरून भिक्षा मागणारे. मुलं पळवणाऱ्यांचे मेसेज आधीपासून मोबाईलवर फिरतच होते, त्यात कुणालातरी संशय आला आणि बघता बघता गर्दी झाली. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं त्यांना. पाचही जण गेले. ते कुणाचंही मूल पळवायला आलेले नव्हते.

त्याच सुमारास देशभर एक व्हिडिओ फिरत होता, बाईकवरचे दोघं रस्त्यावरून मूल उचलून नेतात असा. तो मुळात कराचीतला, मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेला, आणि त्यात शेवटी ते मूल परत आणून सोडतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला आणि पुढे पाठवला. म्हणजे डोळ्यांनी बघितलेलं पण खरं असेलच असं नाही. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. पण पाच जणांनी पुढे पाच पाच जणांना पाठवलं तर व्हायचं ते होतंच ना.

तुला विचारलं तर तू म्हणशील मित्राने पाठवलं, आणि तो खोटं बोलत नाही. नसेलच बोलत. मी त्याच्यावर शंका घेत नाहीये. पण त्याला कुणी सांगितलं? त्याने स्वतः बघितलं का? त्याच्या हॉस्टेलवर चोरी झाली असं तो म्हणाला तर मी लगेच मान्य करीन, पण कुठल्यातरी गावातल्या टोळीबद्दल त्याला तेवढंच माहिती आहे जेवढं तुला, मग माणूस कितीही चांगला असला तरी त्याचा काय उपयोग. मी तर आधी मेसेजमध्ये गाव, तारीख आणि पोलीस स्टेशनचं नाव शोधते. तुझ्या मेसेजमध्ये यातलं काहीच नव्हतं. नुसतं 'आपल्या भागात'. हे असं लिहिलं की नाशिकमध्ये पण चालतं आणि नागपुरात पण. आणि तो फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघायला किती वेळ लागतो रे, ते तर तूच मला शिकवलंस. तरीही खरंच भीती वाटली तर ११२ ला फोन कर, पोलिसांना विचार, ते त्यांचं कामच आहे.

मला सगळ्यात जास्त त्या फोटोतल्या तिघांचं वाटतं. कोण असतील, कुठे कामाला जात असतील, आपला चेहरा असा फिरतोय हे त्यांना माहिती तरी असेल का. उद्या कुठल्या स्टँडवर उतरले आणि त्यांना ओळखणारं तिथे कुणीच नसलं तर?

तर आता एक काम कर. मेसेज नुसता डिलीट करू नकोस, लोकांनी वाचलाय तो, काकांनी तर त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण टाकलाय. ग्रुपवर लिही की मी पडताळणी न करता पाठवला होता, पुढे पाठवू नका, आणि ज्यांनी पाठवला त्यांनी तिकडे पण कळवा. काकांना मात्र फोन कर, ते मेसेज उशिरा बघतात. आजच कर.

तुझी आई