काकी, यंदा घर गळलं नाही

सौ. काकींना,
सप्रेम नमस्कार.

एका अंगणात राहून पत्र कसलं लिहितेस, असं तुम्ही म्हणाल. पण समोरासमोर आभार मानायला गेले की तुम्ही "राहू दे गो, चहा घे" म्हणून विषय मोडता. म्हणून लिहितेय, आणि चारचौघांनी वाचावं म्हणून लिहितेय. श्रावण लागला. आषाढाचा सगळा जोर या छपराने अंगावर घेतला आणि माझ्या घरात पाण्याचा थेंब आला नाही. मुलीची दप्तरं कोरडी आहेत, गाद्या कोरड्या आहेत, डब्यातली ज्वारी हातात घेतली की खुळखुळते. हे सगळं तुमच्यामुळे आहे.

मी बीडकडची. आमच्याकडे पाऊस यावा म्हणून लोक आभाळाकडे बघतात. वर्षाचा सगळा मिळून 700 मिलिमीटरच्या आसपास पडला तर वर्ष बरं गेलं म्हणायचं. रत्नागिरी जिल्ह्यात तोच आकडा 3000च्या पुढे जातो. बदली होऊन इथल्या शाळेत येण्याआधी हे आकडे मी फळ्यावर लिहून मुलांना शिकवलेले होते. पण तेवढं पाणी कौलांवर पडताना काय आवाज होतो आणि कुठून कुठून आत शिरतं, ते इथे येऊन कळलं.

2025चं साल आठवलं की अजून पोटात कालवतं. होळीच्या सुमारास वडिलांनी घरच्या शेतातल्या शाळूचं पोतं पाठवलं होतं. ती ज्वारी, दाणा दाणा वेचून आणलेली. मी सुट्टीला गावी जाण्याआधी एका मिस्त्रीला घर दाखवलं, त्याने आगाऊ पैसे मागितले, मी दिले. "मेअखेरपर्यंत कौलं परतून ठेवतो, ताई, बिनघोर जा." त्या वर्षी मान्सून कोणाला थांबला नाही. 26 मेला तो मुंबईतसुद्धा पोचला होता. मिस्त्री मात्र आला नव्हता. जूनमध्ये कुलूप उघडलं तेव्हा मधल्या खोलीतल्या भिंतीला ओल खांद्याइतकी चढलेली, आणि पोत्याला हात लावला तर आत गरम लागत होतं. ज्वारी काळी पडली होती, कोंब फुटून कुजली होती. बुरशी धरलेलं धान्य गुरांपुढेही टाकता येत नाही. आम्ही ते खड्डा करून पुरलं. वडिलांना फोनवर सांगायला माझी जीभ रेटेना.

त्यानंतर मिस्त्री उगवला आणि जिथे पाणी टपकत होतं त्याच्या बरोबर वर डांबरी पट्टी चिकटवून उरलेले पैसे घेऊन गेला. चार दिवसांनी त्याच जागी पुन्हा धार. घरमालक फोनवर म्हणाले, "कोकणात राहायचं तर एवढं चालायचंच." भाडं मात्र 1 तारखेला लागायचं. बुरशी आणि वाळवीसाठी औषध मारायला आलेल्या माणसाने वर्षाची हमी लिहून दिली, पुढे त्याने माझा फोन घेतला नाही. ही सगळी माणसं पैसे घेऊन गेली. तुम्हाला मी काहीच दिलं नव्हतं, आणि तुम्ही चैत्र संपता संपता स्वतःहून दारात येऊन म्हणालात, "बाय, औंदा आगोट कधी करतंस?"

आगोट कशाला म्हणतात ते मला तुम्ही शिकवलंत. चार महिने घराबाहेर पडणं, वाळवणं, बाजार करणं जमणार नाही असं धरून घर भरायचं आणि घर झाकायचं. माझी आई दिवाळीच्या आधी घर झाडायची, तुम्ही मृगाच्या आधी झाडता. कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढायला तुम्हीच लावलीत, कारण भिंतीचा जांभा दगड पाणी पितो आणि त्याला टेकलेलं सगळं भिजवतो. पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरचं वाळलेलं शेवाळ आत्ताच खरवडून टाक, पहिल्या सरीला तिथे पाय सरकतो, हेही तुम्हीच बजावलंत. या एकेका गोष्टीचा मला या पावसात उपयोग झाला. सगळ्या सांगत बसत नाही, पण त्या दुपारचं मात्र सविस्तर सांगायचंय.

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. या वर्षी सुट्टी लागूनही मी गावी जायची थांबले होते. साडेबाराच्या सुमारास तुम्ही आलात आणि घराची सगळी दारं-खिडक्या लावून घ्यायला सांगितलीत. उकाड्याने जीव नकोसा झाला. डोळे अंधाराला सरावले तसे जमिनीवर कवडसे दिसायला लागले. काचेच्या कौलाचा मोठा चौकोन सोडला तर बाकी सगळे बारीक, कुठे जुन्या चवलीच्या नाण्याएवढा, कुठे गव्हाच्या दाण्याएवढा. तुम्ही चुलीतला कोळसा घेऊन वाकलात आणि एकेका कवडशाभोवती गोल काढत गेलात. "हितून आत येताय पाणी. मग त्या रिपेवरनं घरंगळत जाताय आणि तिकडं टपकताय. गळतं तिथं भोक नसतं गो." मागच्या वर्षीची डांबरी पट्टी त्या गोलापासून चांगली दोन हात लांब होती.

मी भूगोल शिकवते, म्हणून मला आणखी एक गोष्ट लक्षात आली ती इथे नोंदवते. मेच्या त्याच दिवसांत रत्नागिरीवरून सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावरून जातो, शून्य सावलीचे दिवस म्हणतात त्यांना. म्हणजे कवडसा पडतो तो बरोबर भोकाखालीच पडतो, तिरका जात नाही. तुम्ही ते पुस्तकातून शिकला नव्हता. पण दिवस आणि वेळ दोन्ही तुम्ही अचूक निवडले होते. पुढच्या वर्षी पाचवीच्या मुलांना मी हा धडा याच घरात बसवून शिकवणार आहे.

मग कौलं. बाजारात मिळणारी नवी कौलं माझ्या छपराला बसत नव्हती, खाच खाचेत जात नव्हती. जुनं मंगळुरी कौल उलटं केलं की पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं आणि प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेने 1865 साली असा पहिला कारखाना काढला, त्यानंतर तिथे पुष्कळ निघाले आणि त्यांची कौलं समुद्रमार्गे थेट इकडच्या बंदरांपर्यंत आली. तुमच्या मागच्या पडवीत रचून ठेवलेल्या ढिगातून तुम्ही एकेक कौल उलटं करून नाव वाचलंत आणि माझ्या छपराशी जुळणारी तेवढी बाजूला काढलीत. तुमच्याच घराला लागली असती ती. पुतण्याला वर चढवलंत आणि मला कानात सांगितलंत, "मजुरी दे त्याला पुरी. घरचा झाला म्हणून फुकट राबवायचं नाही." त्याने घेतलेली मजुरी आधीच्या मिस्त्रीच्या आगाऊ रकमेपेक्षाही कमी होती.

ज्वारी यंदा वडिलांनी पुन्हा पाठवली. तुम्ही भात खाणारी माणसं, तरी माझ्या ज्वारीसाठी तुम्ही तुमच्या अंगणातली उन्हाची जागा रिकामी करून दिलीत, आमसुलं बाजूला सरकवून. ऊन खाल्लेलं धान्य सावलीत पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरायचं नाही, नाहीतर आत वाफ धरते, हे तुमचं सांगणं मी आता गावाकडच्या माझ्या जावांनाही कळवलंय. मोठ्या डब्याचं झाकण सारखं उघडायचं नाही म्हणून आठवड्यापुरता लहान डबा वेगळा. डाळीला एरंडेलाचा हात, तिखटात हिंगाचा खडा, साड्यांत वेखंड. आईने लग्नात दिलेली पैठणी तुम्ही स्वतः उलगडलीत आणि जुन्या घडीवर पुन्हा घडी पडू नये म्हणून वेगळी मोडलीत. आणि 1 जूनला मासेमारी बंद झाली तेव्हा माझ्या मुलीला आवडतात म्हणून सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, पुडी बांधून आणलीत, हे मी विसरलेले नाही.

पण काकी, खरं सांगू? हे सगळं एका बाजूला आणि जूनमधली ती एक रात्र एका बाजूला.

पहिला मोठा पाऊस होता. वीज गेलेली. मुलगी मला बिलगून झोपलेली आणि मी छपराकडे डोळे लावून बसले होते. मध्यरात्र उलटून गेली असेल, तेव्हा दारावर थाप पडली. दार उघडलं तर तुम्ही. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात बॅटरी, लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत भिजलेला. आत आला नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच विचारलंत, "गळताय काय गो बाय?"

मी म्हटलं, "नाही काकी."

"नीट बघ. मधल्या खोलीत बघ जा, त्या वाशाखाली."

मी बॅटरी घेऊन गेले, भिंतीवरून हात फिरवला, जमीन चाचपली, परत आले. तुम्ही तशाच पावसात उभ्या होतात. "कोरडं आहे," म्हटल्यावर तुम्ही नुसती मान हलवलीत आणि अंगण ओलांडून गेलात. दार लावून मी किती तरी वेळ रडले.

माझ्याकडून पैसे घेतलेल्या एकाही माणसाने पाऊस पडल्यावर मला विचारलं नव्हतं की काम टिकलं का. काम करून देणारे गाठ पडतात, थोडेफार चांगलंही करतात. पण पाऊस सुरू झाल्यावर, हिशोब मिटल्यावर, अंथरुणातून उठून बघायला येणारं माणूस मला या वयात पहिल्यांदा भेटलं. तुमच्या वाडीत मी पाहतेय, हे एकट्या तुमचंच नाही. कोणाच्या गोठ्याचा पत्रा उडाला तर न बोलावता चार जण काठ्या-दोऱ्या घेऊन हजर होतात, कोणाकडे बाळंतीण असेल तर सुकी लाकडं आधी त्या घरी पोचतात. शहरातून येणारे पाहुणे इथले आंबे आणि समुद्र बघून जातात. त्यांनी जुलैत येऊन ही माणसं बघावीत असं मला फार वाटतं. चार महिने जग तुटलेलं असताना एकमेकांना धरून राहायची जी सवय इथे आहे, तिच्यावरच ही जुनी घरं उभी आहेत.

त्या रात्रीनंतर प्रत्येक मोठ्या पावसात तुमची हाक येते. आता तर मुलगीच अंथरुणातून ओरडून उत्तर देते, "नाय गळत आजी!" तुमच्याच भाषेत. तिच्या बोलण्यात बीड किती उरलंय आणि कोकण किती आलंय, ते मलाच सांगता येत नाही.

गणपतीच्या सुट्टीत माझे वडील येताहेत. तुमच्यासाठी ज्वारीचा एक डबा वेगळा भरून आणणार आहेत, निवांत ऊन देऊन, निववून, तुमच्या पद्धतीने. तुम्हाला भाकरी तांदळाचीच लागते हे मी त्यांना सांगितलंय, तरी ते ऐकत नाहीत. त्यांना तुमच्या पडवीतला कौलांचा ढीगही बघायचाय आणि तुमच्या हातचं फणसाच्या आठळ्यांचं कालवण खायचंय. गौरी येण्याच्या आदल्या दिवशी मी तुमच्याकडे कामाला येणार आहे, नारळ खवायला आणि भांडी घासायला. त्याला मात्र "राहू दे गो" म्हणायचं नाही.

तुमची शेजारीण,
शाळेतली बाई