आधी तपासणी, मग सफाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला जुन्या लघुचित्रांच्या जतनाविषयीचा लेख वाचला. या विषयाला पानभर जागा दिलीत, याचा आनंद झाला. पण लेखात भर होता तो चित्रे 'स्वच्छ' करण्यावर, आणि तिथे मन धास्तावले.

आमच्या नात्यातल्या एका घरी राधाकृष्णाचे एक जुने चित्र होते. राधेच्या गालावर काळसर डाग पडला होता. चौकट बदलायला दिले तेव्हा कारागिराने तो ओल्या कापसाने पुसला. डाग तसाच राहिला, गाल मात्र कापसावर आला. लघुचित्रांचे रंग बहुधा डिंकात कालवलेले असतात, पाणी लागले की सुटतात. आणि तो डाग बहुधा मळ नव्हताच, काळवंडलेला सफेदा होता. सफेदा म्हणजे शिशाचा पांढरा रंग. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडने त्याचे काळे लेड सल्फाइड होते. काळवंडलेला रंग हाही मूळ रंगच असतो, तो पुसायचा नसतो.

हे आधी कळू शकले असते, चित्राला हातही न लावता. क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्राने रंगातली मूलद्रव्ये समजतात: पारा दिसला तर हिंगूळ (लाल), आर्सेनिक दिसले तर हरताळ (पिवळा) किंवा मनशीळ (नारिंगी-लाल), शिसे दिसले तर सफेदा किंवा शेंदूर. (इंग्रजीतला 'मिनिएचर' शब्दही शेंदराच्या 'मिनियम' या लॅटिन नावावरून आला आहे, आकारावरून नव्हे.) नीळ किंवा काजळी मात्र या यंत्राला ओळखता येत नाही. तिथे रामन वर्णपटमापन, म्हणजे रंगावर लेझर टाकून परतणाऱ्या प्रकाशावरून रंग ओळखण्याची पद्धत, कामी येते. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी शोध लागलेला रामन परिणाम आज लाजवर्द या दगडाची निळाई आणि नीळ वेगळी ओळखून देतो, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. अर्थात लेझर मंदच हवा. तीव्र झोताने शेंदरासारखा रंग जागेवरच बदलू शकतो.

चित्राचा काळ ठरवायलाही या तपासणीची मदत होते. प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा, कृत्रिम अल्ट्रामरीन (लाजवर्दी निळा) १८२० च्या दशकातला, टायटॅनियम पांढरा तर विसाव्या शतकातला. सतराव्या शतकातल्या म्हणवणाऱ्या चित्रात टायटॅनियम पांढरा सापडला तर ते एक तर मागाहून केलेले डागडुजीचे काम, नाही तर चित्रच नवे. उलट बाजूने मात्र घाई नको. जुने रंग आजही मिळतात, त्यामुळे केवळ जुना रंग सापडला म्हणून चित्र अस्सल ठरत नाही.

जम्मूकडच्या बसोहली शैलीच्या चित्रांत दागिन्यांतल्या पाचूंच्या जागी भुंगेऱ्याच्या चकचकीत हिरव्या पंखांचे तुकडे चिकटवलेले असतात. ज्याला हे माहीत नाही, तो ते कचरा समजून खरवडून काढणारच.

म्हणून संग्रहालयांना आणि खासगी संग्राहकांनाही माझी विनंती आहे: कोणत्याही लघुचित्राच्या सफाईआधी त्याची विना-नमुना (रंगाचा कणही न काढता) तपासणी व्हावी, तिचा अहवाल चित्राच्या नोंदीत कायम राहावा, आणि चित्राशेजारच्या पाटीवर चित्रकाराच्या व शैलीच्या नावाखाली एका ओळीत रंगांची नावेही लिहावीत. लाजवर्द, हिंगूळ, हरताळ, सफेदा.

आपली नम्र,
एक नियमित वाचक