विषय ख्रिस्तीच हवा असं नाही

पुणे,
मंगळवार रात्र

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद आणि प्रेमाचा सलाम.

डिप्लोमा फिल्म ख्रिस्ती विषयावर केली तर बाबांच्या चर्चच्या मंडळीला बरं वाटेल ना, असं तू आईला विचारलंस. फोनवर हो-नाही म्हणून उरकावं असा हा प्रश्न नाही, म्हणून लिहायला बसलोय. मंडळीला बरं वाटेल यात शंकाच नाही. नाताळात चर्चच्या आवारात पडदा बांधून दाखवतीलसुद्धा. पण तेवढ्यासाठी करू नकोस.

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट तू कोलकात्यात फिल्मच्या पहिल्याच वर्षी शिकली असशील. १९१०च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला. पडद्यावर येशू होता आणि त्यांच्या मनासमोर राम-कृष्ण उभे राहत होते, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. आपल्यातले काही जण हे ऐकून हळहळतात. मला मात्र या गोष्टीचा आनंदच होतो. बघणाऱ्याच्या मनात काय उगवेल हे दाखवणाऱ्याच्या हाती नसतं. उपदेशाचंही तेच. उपासना संपल्यावर दारात उभा राहतो तेव्हा लोक भलत्याच वाक्यासाठी आभार मानतात, आणि त्यांना त्या दिवशी तेच हवं होतं हे चेहऱ्यावर दिसतं. उलट दिशेचा रस्ताही आहेच. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ख्रिस्ती झालेले आपले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत.

तुकारामांवरून आठवलं. प्रभातचा ‘संत तुकाराम’ पुन्हा बघ, या वेळी फक्त जिजाईसाठी. दामले-फत्तेलालांनी १९३६ साली केलेला हा चित्रपट पुढच्या वर्षी व्हेनिसला गौरवला गेला. तुकाराम झालेल्या पागनिसांचं कौतुक सगळेच करतात, पण माझा जीव गौरीबाईंच्या जिजाईत अडकतो. नवरा भजनात, घरात दाणा नाही, पोर आजारी. ती हातात वहाण घेऊन थेट विठोबासमोर जाऊन उभी राहते. मी त्या भांडणाला प्रार्थनाच म्हणतो. बायबलमधलं आपलं तेरावं स्तोत्र उघड. दावीद देवाला ‘कोठवर?’ म्हणून विचारतो आणि विचारतच राहतो. देव आहे असं मनापासून वाटल्याशिवाय कुणी त्याच्याशी असं भांडत नाही.

मध्यंतरी आपल्या मंडळीतल्या एका बाईंचा मुलगा आयसीयूत होता. मी गेलो तेव्हा त्या बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मांडीवर त्याचे शाळेचे बूट, आत मोजे कोंबलेले. म्हणाल्या, “पाळकसाहेब, प्रार्थना तुम्ही करा. मी देवाशी बोलणं सोडलंय.” मी प्रार्थना केली, पण खरं बोलणं त्यांचंच चाललं होतं. मुलगा आता घरी आलाय, खेळायलाही लागलाय. त्यांची गोष्ट मात्र फिल्ममध्ये घ्यायची नाही हं. ती त्यांची आहे.

तुला घ्यायचं असेल असं बरंच काही आमच्या दौंडच्या गाडीत रोज बसलेलं असतं. परवा केडगावला जाताना समोर एक भाजीवाली होती. लोणी स्टेशन गेलं तरी तिच्या मेथीच्या जुड्या बांधून व्हायच्या होत्या. दातांत सुतळी, कानाशी खांद्याने दाबलेला फोन, आणि फोनवर मुलाला कुकरच्या शिट्ट्या मोजायला लावत होती. तिसरी झाली की गॅस बंद कर, म्हणाली आणि तिसरी होईपर्यंत फोन ठेवला नाही. सगळा डबा तिच्याबरोबर थांबला होता. मी पिशवीतून बायबल काढलं होतं, ते न उघडता तिच्याकडेच बघत बसलो.

पुढे केडगावात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला गेलो. रमाबाईंचं मला दर वेळी नवल वाटतं. लहानपणी आईवडिलांबरोबर पुराणं सांगत देश पायी तुडवला, दुष्काळात त्या दोघांना गमावलं. १९२१ मध्ये मनोरमा, त्यांची एकुलती एक लेक, गेली. तरी हिब्रू आणि ग्रीकमधून बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी चालूच ठेवलं आणि १९२२ साली जाण्याआधी पुरं केलं. त्यांच्यावर फिल्म कर असं मी म्हणत नाही. करायचीच झाली तर मोठी झाल्यावर, लेकीच्या मागे उरलेली आई तुला कळेल तेव्हा.

आत्ता तुला जे माणूस झोपू देत नाही त्याच्यावर कर. ते हिंदू असो, मुसलमान असो, देव न मानणारं असो. त्याच्याकडे तू नीट, घाई न करता बघितलंस तर तुझ्या बाप्तिस्म्याच्या वेळी आम्ही जे मागितलं होतं ते मला मिळालं. मंडळीत कुणी विचारलंच तर उत्तर मी देईन. ते माझं काम आहे.

पटकथेचा खर्डा झाला की आधी आईला पाठव. पात्रं खोटं बोलायला लागली की तिला लगेच कळतं. डिंकाचे लाडू तिने बांधलेत. आझाद हिंद एक्स्प्रेसने कुणी येणारं सापडलं की त्यांच्याबरोबर धाडतो. मैत्रिणींना दे, पण स्वतःही खा.

तुझे,
बाबा