माथेरानच्या त्या घोडेवाल्या काकांना

मे महिन्यात माझी नऊ वर्षांची लेक माथेरानला घोडेस्वारीच्या शिबिरात होती. तिसऱ्या दिवशी घोडा बुजला, ती लाल मातीत पडली आणि मनगट सुजलं. तिथे मोटारींना बंदी, मी खाली, गाड्या थांबतात त्या दस्तुरी नाक्यावर. शिबिराशी काही संबंध नसलेल्या तुम्ही हातचं गिऱ्हाईक सोडलंत, डोक्याच्या रुमालाची झोळी करून तिचा हात गळ्यात बांधलात आणि तिला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात नेलंत.

हाड शाबूत होतं, पण ती घोड्याजवळ जाईना. दुसऱ्या दिवशी तुम्ही आपणहून आलात, तिच्या न दुखावलेल्या हातात खरारा दिलात. "बसू नको बाळा, नुसती पाठ घास त्याची." शेवटच्या दिवशी ती पुन्हा खोगिरावर होती, हसत.

काका, गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहिलं. मनापासून आभार. तुमचा रुमाल धुऊन ठेवलाय.