बाबा दारं धरायला गेलेत

ओटावा, २८ डिसेंबर

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रात्रीचे साडेदहा वाजलेत, बाहेर उणे चौदा आहे आणि बाबा घरात नाहीत. काळजी करू नकोस. कोपऱ्यावरच्या बागेत स्केटिंगच्या रिंकवर, बर्फाचा थर धरावा म्हणून, पाणी मारायला गेलेत. समोरच्या आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हे तुला फोनवर सांगितलंच होतं. नोव्हेंबरात ते काठी टेकत आपल्याकडे आले, चहा घेतला आणि जाताना बागेतल्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. पाइप, फावडी, सगळं त्या खोलीतच असतं. तू चालायला लागायच्या आधीपासून तो रिंक त्यांनीच केलेला. बाबांनी किल्ली उचलून खिशात टाकली, एवढंच. दोघंही त्यावर काही बोलले नाहीत.

जेवण झाल्यावर बाबा कानटोपी चढवून निघाले तेव्हा मी विचारलं, "कुठे एवढ्या रात्री?" तर म्हणाले, "दारं धरायला." मला एकदम भरून आलं. तू हा शब्द कधी ऐकला नसशील, म्हणून सांगते. बार्शीकडे शेताला पाणी देताना एक वाफा भरला की खोऱ्यानं माती ओढून त्याचं तोंड बंद करायचं आणि पुढच्या वाफ्याचं उघडायचं. याला दारं धरणं म्हणतात. मोटारीला वीज यायची ती बहुतेक रात्रीच. तुझे आजोबा आणि बारा-तेरा वर्षांचे बाबा पौषातल्या थंडीत घोंगडं पांघरून शाळूला पाणी द्यायला जायचे. पाय पाण्यात, हातात कंदील. त्या थंडीबद्दल बाबा आजवर कधी फारसं बोलले नव्हते. आता रोज बोलतात. रिंकवरून आले की अर्धा तास गावच्या विहिरीच्या, पाटाच्या गोष्टी चालतात, आणि मी ऐकत बसते.

तू त्या रिंकवर वाढलास, पण तो होतो कसा हे तू कधी पाहिलं नाहीस, कारण ते काम तू झोपल्यावर चालायचं. मी या वर्षी पहिल्यांदा मुद्दाम जाऊन पाहिलं. आधी जमीन गोठावी लागते. मग चांगला बर्फ पडला की तो काढायचा नाही, तुडवायचा. यंदा गल्लीतली पंधरा-वीस माणसं खांद्याला खांदा लावून एका ओळीत उभी राहिली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलापावलानं बर्फ दाबत गेली. लहान मुलं मधे मधे लोळत होती, त्यांनाही कोणी हटकलं नाही, तेवढाच दाब. मला खळ्यावरची मळणी आठवली. त्यानंतर पाणी, तेही अगदी हलक्या हातानं. पहिल्या रात्री एकदम जास्त पाणी सोडलं तर ते खालच्या बर्फात मुरतं, वर नुसता पापुद्रा धरतो आणि खाली पोकळी राहते. मग कोणाचं तरी पोर त्यात पाय अडकून पडतं. म्हणून पातळ थर द्यायचा, तो गोठू द्यायचा, मग दुसरा. पलीकडच्या टोकापासून सुरुवात करून मागे मागे सरकत यायचं, म्हणजे आपली पावलं उमटत नाहीत. बाबा हे करताना दिसले आणि मला माझी आई अंगण सारवताना दिसली. अगदी तसंच, मागे सरकत, हात अर्धगोलात फिरवत. शेवटी पाइपमधलं पाणी पूर्ण काढून गुंडाळी आत ठेवायची, नाहीतर सकाळी पाइपचा दांडका झालेला असतो.

आठ रात्री लागल्या. चोवीस तारखेच्या सकाळी पोरं स्केट्स गळ्यात अडकवून आली आणि आजोबा कठड्यापाशी खुर्ची टाकून, मांडीवर ब्लँकेट घेऊन बसले. त्यांनी बाबांना हातानंच खूण केली, डाव्या कोपऱ्यात उंचवटा राहिलाय. बाबांनी त्याच रात्री तो नीट केला.

तू विचारलंस ख्रिसमसला काय केलं. पहिल्याच नोकरीत पहिल्याच वर्षी सुट्टी मागता येत नाही, हे मला कळतं, त्याचं मनावर घेऊ नकोस. पण चोवीसच्या रात्री समोर जेवायला गेलो तेव्हा त्यांनी तुझीही खुर्ची मांडली होती. आजी क्युबेकच्या, त्यामुळे त्यांच्याकडे खरं जेवण मध्यरात्रीच्या प्रार्थनेनंतर असतं, रेव्हेयों. तूर्तिएर, म्हणजे पिठाच्या पारीत मांस भरून भाजलेला पदार्थ, होतंच, आणि माझ्यासाठी दरवर्षीसारखं मशरूम-बटाट्याचं वेगळं. वीस वर्षांत त्या एकदाही विसरल्या नाहीत. मी पुरणपोळ्या नेल्या होत्या. त्यांची नातवंडं त्या मेपल सिरपमध्ये बुडवून खातात. मी दूध-तुपाचा आग्रह केव्हाच सोडला. खरंच चांगलं लागतं तसं.

या घराशी आपलं नातं कसं जडलं ते तुला अर्धंमुर्धंच माहीत आहे. २००३ च्या डिसेंबरात आम्ही इथे आलो. दहाव्या-बाराव्या दिवशी रात्रभर बर्फ पडला. सकाळी रस्ता साफ करणारं यंत्र गेलं आणि आपल्या दारासमोर कमरेएवढा बांध टाकून गेलं, दगडासारखा कडक. बाबांना कामावर जायचं होतं आणि घरात होतं एक बागकामाचं खुरपं. मी दारात उभी राहून रडत होते. तेवढ्यात समोरचा दरवाजा उघडला, हे आजोबा (तेव्हा केस काळे होते) दोन फावडी घेऊन आले, एक बाबांच्या हातात दिलं आणि दुसऱ्यानं स्वतः खणायला लागले. वीस मिनिटांत वाट मोकळी. हात हलवला आणि गेले. नावसुद्धा सांगितलं नाही.

संक्रांतीला मी तिळगुळाची वाटी घेऊन त्यांच्या दारी गेले. या देशात मी वाजवलेली ती पहिली बेल. "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणाले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत अर्थ सांगितला. आजोबांनी ते तिथल्या तिथे तीनदा म्हणून घेतलं. अजून दर चौदा जानेवारीला सकाळी तेच आधी फोन करतात, "गोद बोला". तो 'द' मी कधी सुधारणार नाही.

आणि तुझं बोरन्हाण! २००६ चा जानेवारी, तू साडेआठ महिन्यांचा. गावाहून आजीनं हलव्याचे दागिने पाठवले होते, काळं झबलं शिवून पाठवलं होतं. बोरं कुठून आणणार? शेवटी क्रॅनबेरी घेतल्या, त्यात चुरमुरे, हलवा, गोळ्या. खिडकीबाहेर मोठे मोठे कण पडत होते आणि आत आम्ही तुझ्या डोक्यावर माप ओतत होतो. तू एकदा वर पाहायचास, एकदा खिडकीकडे. तुला दोन्ही एकच वाटत असणार. समोरच्या आजी वेचायला सगळ्यात पुढे होत्या.

त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी आपल्याला मेपलचा रस उकळताना दाखवायला नेलं. रात्री गोठावं आणि दिवसा वितळावं, असे दिवस आले की झाडातून रस गळतो, पाण्यासारखा. साधारण चाळीस लिटर आटवले की एक लिटर सिरप होतं. ते आणखी आटवून त्यांनी लाकडी पेटीत भरलेल्या स्वच्छ बर्फावर धार सोडली. धार पडताक्षणी घट्ट झाली, आजींनी ती काडीवर गुंडाळून माझ्या हातात दिली आणि मी ओरडले, "अहो, हा तर गोळीबंद पाक!" आपण गुळाचा थेंब गार पाण्यात टाकून पाहतो, आजी बर्फावर टाकून पाहतात. आईनं मला सात वर्षांची असताना चुलीपाशी शिकवलेली गोष्ट इतक्या दूरच्या जंगलात कोणीतरी दुसऱ्याच भाषेत शिकवत होतं. त्या दिवसापासून हा देश मला परका वाटला नाही.

आता तुझा तिळगूळ. व्हॅंकूव्हरला पाऊस आहे, दमट हवेत लाडू चिवट होतात, म्हणून पाकाकडे लक्ष दे. एक वाटी तीळ मंद आचेवर भाज, तडतडले आणि बोटानं चुरले की काढ, लाल होऊ देऊ नकोस, कडू होतात. पाऊण वाटी चिरलेला गूळ, चमचाभर तूप, कढईत वितळव. फेस आला की थेंब गार पाण्यात टाक. पसरला तर थांब. बोटांत मऊ गोळी वळली की गॅस बंद, लगेच तीळ, पाव वाटी दाण्याचं कूट, थोडं भाजलेलं सुकं खोबरं, वेलची. हाताला तूप लावून गरम असतानाच वळ. भाजेल थोडं. थांबलास तर दगड होईल. झालाच तर कढई पुन्हा मिनिटभर आचेवर ठेव. शेजारच्या सरे शहरात, पंजाबी वस्तीत, जाशील तर गूळ तिथे मिळेल. तेरा तारखेला तिथे लोहडीही असेल, तीळ आणि रेवड्या त्यांच्याकडेही, कोणी बोलावलं तर जा.

पार्सलमध्ये तीळ, हलवा आणि तुझे स्केट्स आहेत. बाबांनी पात्यांना धार लावून आणलीय. तिथे बर्फ नाही म्हणालास, पण घरातले रिंक असतीलच.

रिडो कालव्यावर, जो गोठला की त्यावर स्केटिंग करतात, अजून लाल झेंडा आहे, म्हणजे बंदच. तू फेब्रुवारीत चार दिवस येणार म्हणालास, तोवर बर्फाची जाडी तीस सेंटिमीटर होवो एवढीच माझी प्रार्थना. तुला तुझं बारावीचं वर्ष आठवतं ना, २०२३? १९७१ पासून दर हिवाळ्यात उघडलेला तो ७.८ किलोमीटरचा रस्ता त्या वर्षी एक दिवसही उघडला नाही. तू रोज शाळेतून येताना पुलावर थांबून झेंडा बघायचास. एकदा मला म्हणालास, "आई, एवढा बर्फ पडतोय, मग गोठत का नाही?" मला तेव्हा सांगता आलं नव्हतं. आता आजोबांकडून कळलंय. गोठलेल्या पाण्यावर भुसभुशीत बर्फ पडला की तो गोधडीसारखा पांघरला जातो, वरची थंडी खाली पोचतच नाही आणि थर वाढायचा थांबतो. त्यात हवा उबदार असली की सगळा लगदा. म्हणून माणसं आधी तो बर्फ दूर करतात आणि वरून पाणी सोडतात. आपल्या रिंकसारखंच, फक्त आठ किलोमीटर लांब. त्या वर्षी कालवा नव्हता, पण बागेतला रिंक होता, कारण आजोबा उणे चार-पाचातसुद्धा रात्री दोनला उठून थर देत होते. तुझी सगळी बारावी तिथेच खेळली. आत्ता बाबा एवढ्या हौसेनं का जातात, ते त्यामुळे.

एक काम सांगते. तुझ्या मजल्यावर समोरच्या दारी कोण राहतं, हे मी तीन वेळा विचारलं, तू "माहीत नाही" म्हणालास. तुझ्याकडे फारसा बर्फ पडत नाही, म्हणजे कोणी फावडं घेऊन आपणहून येणार नाही. चौदा तारखेला चार लाडू बशीत घे आणि बेल वाजव. मराठीतच म्हण, मग अर्थ सांग. दार उघडलं नाही तर संध्याकाळी पुन्हा जा. आणि रात्री मला फोन कर, तीन तासांचा फरक आहे, मी जागी असेन.

बाबा आले. मिशांवर बर्फ जमलाय, चष्म्यावर वाफ. म्हणतात, "डावा कोपरा आता आरशासारखा झाला, त्याला लिही." लिहिलं. त्यांना गरम दूध-हळद देते आणि थांबते.

तुझी,
आई