महिन्याचा पहिला रविवार

शहापूर, बेळगाव
१८ मे २०२५

चि. सौ. नंदिनी हिस,
अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी रात्री जेवणे आटोपून तुम्ही सगळे गच्चीवर गेलात, तेव्हा मी टॉर्च घेऊन अंगणात तुझ्या गाडीपाशी बसलो होतो. पुढच्या डाव्या टायरवरून आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर असा तळहात फिरवला. एका बाजूने जाताना रबर गुळगुळीत लागले आणि उलटे येताना तेच रबर करवतीच्या दात्यांसारखे हाताला टोचले. आतली कडा बाहेरच्या कडेपेक्षा दोन मिलिमीटर तरी जास्त घासलेली होती. चाक वरून सरळ दिसत असले तरी रस्त्यावर किंचित तिरके ओढले जात असते, तेव्हा टायर असाच घासतो. याचा अर्थ तुझ्या गाडीचे अलाइनमेंट बिघडलेले आहे आणि ते बिघडून बरेच दिवस झालेले आहेत. सकाळी गाडी हलवण्यापूर्वी हवा मोजली. ड्रायव्हरच्या दाराशी जो खांब आहे, त्यावरच्या चिकटपट्टीवर ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) लिहिलेले आहे आणि चार चाकांत २८, २९, ३२ आणि ३२ एवढीच हवा होती. ती मी भरून दिली. तुला चिकोडीच्या शाळेत वेळेवर पोहोचायचे होते, त्यामुळे बोलणे राहून गेले, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

ही विजेची गाडी घेतली तेव्हा तू मला म्हणाली होतीस, “अप्पा, या गाडीला काहीच करावे लागत नाही.” शोरूममध्ये तुला तसे सांगितले होते आणि इंजिनापुरते ते खरेही आहे. ऑइल बदलायचे नाही, ऑइल फिल्टर नाही, प्लग नाही, क्लच नाही. पण पेट्रोलची गाडी दर पाच-दहा हजार किलोमीटरला ऑइलसाठी गॅरेजला जात असे, तेव्हा मेकॅनिक ती वर उचलत असे, आणि गाडी वर उचलली की त्याचे लक्ष सहज टायरांकडे, ब्रेककडे आणि खालच्या रबरी बुशांकडे जात असे. ऑइलच्या निमित्ताने बाकीचे सगळे आपोआप पाहिले जात असे. तुझ्या गाडीने ते निमित्तच काढून घेतले आहे. त्यामुळे आता पाहण्याचा दिवस तुला स्वतः ठरवावा लागेल आणि तो पाळावा लागेल. मी तुला महिन्याचा पहिला रविवार सुचवतो.

जुन्या पी. बी. रोडवर मी चौतीस वर्षे रिमोल्डिंगचे, म्हणजे घासलेल्या टायरवर नवे रबर चढवण्याचे दुकान चालवले आणि या काळात हजारो घासलेले टायर हाताखालून गेले. टायर कसा घासला आहे हे पाहिले की मालकाने गाडी कशी ठेवली आहे, ते बहुतेक वेळा कळते. दोन्ही कडा घासल्या असतील तर हवा कमी ठेवून गाडी चालवलेली असते, मधला पट्टा घासला असेल तर हवा जास्त भरलेली असते, आणि एकच कडा गेली असेल तर अलाइनमेंट चुकलेले असते. हे तिन्ही दोष विजेच्या गाडीत लवकर आणि जास्त दिसतात, कारण तशाच मापाच्या पेट्रोलच्या गाडीपेक्षा ती बॅटरीमुळे दोन-अडीचशे किलो जड असते. म्हणजे तू एकटी गाडी चालवतेस तेव्हाही टायरांच्या दृष्टीने आणखी तीन माणसे गाडीत बसलेली असतात. त्यात मोटरचा जोर पाय ठेवल्याबरोबर पूर्ण मिळतो आणि तो सगळा पुढच्या दोन चाकांतून रस्त्याला लागतो. चाक रस्त्याला टेकते ती जागा जेमतेम पंजाएवढी असते. चार पंजांवर दीड टनाच्या आसपासचे ओझे पळते आणि थांबते, हे मनात ठेवलेस तर पुढचे सगळे तुला पटेल. सिग्नल सुटल्यावर पहिले दोन-तीन सेकंद पाय हलका ठेवलास, तर टायर काही हजार किलोमीटर जास्त जातील.

हवा मोजण्याची वेळ सकाळची, आणि तीही गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतरची. महामार्गावरून साठ किलोमीटर पळवून आणून पंपावर हवा मोजलीस तर टायर तापलेला असतो, आकडा तीन-चारने जास्त दिसतो, आणि तो जास्त आहे असे समजून पंपावरचा मुलगा हवा काढतो. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की हवा साधारण एक पीएसआयने उतरते. मे महिन्याच्या दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे तीन-चारने कमी भरणे स्वाभाविक आहे. काहीही बिघडलेले नसले तरी महिन्याला एखादा पीएसआय आपोआप उतरतोच. डॅशबोर्डावरचा दिवा हवा बरीच उतरल्यावर लागतो, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नये. गेल्या रविवारी २८ वर आलेल्या चाकानेही दिवा लावला नव्हता. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देऊ नयेत, कारण साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. नियमाने मोजण्याने जो फायदा होतो, तो नायट्रोजनने होत नाही. मोजून झाल्यावर व्हॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडावा, त्याला बुडबुडा आला तर व्हॉल्व्हची सुई बदलून घ्यावी, आणि टोपी विसरू नये, कारण निपाणीकडची काळी बारीक धूळ आत गेली की सुई नीट बसत नाही.

येळ्ळूरच्या घरी तुझ्या पणजोबांची बैलगाडी होती. उन्हाळ्यात लाकूड वाळून चाक आक्रसत असे आणि त्यावरची लोखंडी धाव सैल होत असे, म्हणून ते पहिल्या पावसाआधी चाके काढून तळ्याच्या पाण्यात भिजत ठेवत. मृगाच्या आधी चाके पाहायची, ही सवय आपल्या घरात तेव्हापासूनची आहे. तू ती मोटारीसाठी पाळावीस, असे मला मनापासून वाटते. पावसाळा तोंडावर आहे आणि तुझ्या पुढच्या टायरांत आतल्या कडेला तीन मिलिमीटरहून थोडीच जास्त नक्षी उरली आहे. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत टायर चालतो, नक्षीच्या खोबणीत त्यासाठी बारीक उंचवटे दिलेले असतात आणि रबर त्यांच्या पातळीला आले की टायर संपला असे समजतात. परंतु तीन मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर साचलेले पाणी बाहेर फेकण्यात कमी पडू लागतो, हे मी पावसाळ्यांमागून पावसाळे पाहिलेले आहे. तुझी गाडी जड आहे. बेळगावहून परतताना तवंदीचा घाट तू भर पावसात उतरतेस, त्यामुळे १.६ ची वाट पाहू नये.

तुझ्या रस्त्यावर आणखी एक गोष्ट आहे. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की चिकोडी-संकेश्वरच्या बाजूला उसाचे ट्रॅक्टर दिवसरात्र धावतात आणि त्यांच्या ट्रॉल्यांचे नट, पिना आणि तारेचे तुकडे रस्त्याच्या कडेला पडलेले असतात. इकडे उद्यमबागेत आलीस तर लेथवरचा लोखंडी कीस असतो. तो टायरमध्ये रुतून बसतो आणि हवा एकदम न सोडता रोज थोडी थोडी सोडतो. चार चाकांपैकी एकच चाक दर महिन्याला दोन-तीनने जास्त उतरत असेल, तर तिथे असे काहीतरी रुतलेले आहे असे समजावे. दिसले म्हणून चिमट्याने उपसू नये, तसेच दुकानात न्यावे.

पंक्चरच्या दुकानात मात्र तू स्वतः गाडीजवळ उभी राहा. संकेश्वरला एका लग्नाला जाताना आपल्या नात्यातल्या एकांच्या विजेच्या गाडीचे चाक बसले होते. रस्त्याकडेच्या दुकानातल्या मुलाने सवयीप्रमाणे जॅक सरकवत गाडीच्या पोटाखाली मधोमध नेला आणि तो दांडा दाबणार, इतक्यात मी त्याचा हात धरला. त्या जागी बॅटरीचा पेटारा असतो. जॅकचे तोंड तिथे टेकून गाडी उचलली गेली असती, तर पेटाऱ्याला खड्डा पडून लाखांचे नुकसान झाले असते आणि पुढे आगीचाही धोका राहिला असता. मुलाचा दोष नव्हता, त्याला कोणी दाखवलेले नव्हते. गाडीच्या दारांखाली जो उंबरा असतो, त्याच्या खालच्या कडेला पुढे आणि मागे जॅक लावण्याच्या ठरावीक खुणा असतात, त्या मॅन्युअलमध्ये पाहून जावईबापूंनी त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका लावून ठेवावा, म्हणजे कोणालाही बोटाने दाखवता येईल. गाडी कुठेही उचलली गेली तरी परत येताना नट पान्याने घट्ट झाले आहेत ना, ते पाहावे आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाहावे.

दर दहा हजार किलोमीटरला पुढची चाके मागे आणि मागची पुढे घ्यावीत आणि त्याच वेळी अलाइनमेंट व बॅलन्सिंग करून घ्यावे. टायरवर बाण असेल तर चाक ज्या बाजूचे त्याच बाजूला राहिले पाहिजे. नवे टायर घेताना फक्त माप पाहू नये, मापापुढे जो दोन आकडी भार-अंक असतो तो जुन्याइतका किंवा त्याहून जास्त असावा. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो आणि ९४ म्हणजे ६७० किलो. माप तेच आणि अंक कमी, असा टायर स्वस्तात मिळतो आणि अशा जड गाडीला तो घालू नये. टायरच्या अंगावर चार आकडी शिक्का असतो, उदाहरणार्थ २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. नव्या म्हणून विकलेल्या टायरचा शिक्का दोन-तीन वर्षांपूर्वीचा असेल तर परत करावा. रिमोल्डबद्दल तू विचारशील म्हणून सांगतो. ट्रकच्या मागच्या चाकांना मी आयुष्यभर रिमोल्ड करून दिले आणि त्या कामाचा मला आदर आहे, पण तुझ्या गाडीला रिमोल्ड कधीही घालू नये.

ब्रेकविषयी थोडे. पाय उचलला की मोटरच गाडी ओढून धरते, त्यामुळे तुझे ब्रेक फार कमी वापरले जातात आणि पॅड वर्षानुवर्षे टिकतात. पण न वापरलेली डिस्क पावसाळ्यात एका रात्रीत गंजते आणि पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना जाम होतात. म्हणून आठवड्यातून एक-दोनदा मागे वाहन नाही हे आरशात पाहून पायाचा ब्रेक नीट दाबून गाडी थांबवावी. वर्षातून एकदा पिना साफ करून ग्रीस लावून घ्यावे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, ते दोन वर्षांनी बदलावे. आणखी एक, बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर मोटरने ओढून धरण्याचा जोर कमी होतो. आंबोलीला मुक्काम करून सकाळी सावंतवाडीकडे उतरणार असाल, तर चार्जिंग ८५ टक्क्यांवरच थांबवावे.

बाकीचे लवकर आटोपते. बारा व्होल्टची लहान बॅटरी वेगळी असते आणि ती मेली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही, म्हणून तीन वर्षे झाली की ती दरवर्षी तपासून घ्यावी. बॅटरी थंड ठेवणारे कूलंट खास असते, त्यात दुकानातले साधे कूलंट किंवा नळाचे पाणी घालू नये. तंबाखूच्या वखारींच्या बाजूला गाडी उभी असते, त्यामुळे एसीचा फिल्टर लवकर भरतो, तो सहा महिन्यांनी झटकावा आणि वर्षाने बदलावा. बॉनेटखाली नारिंगी रंगाच्या जाड केबल आहेत, त्यांना हात लावायचा नाही, पण ऊस तुटल्यावर उंदीर घराकडे येतात, तेव्हा त्या कुरतडलेल्या नाहीत ना, ते लांबून पाहत जावे. चार्जिंगचा प्लग अर्ध्या तासाने हाताला चटका देण्याइतका तापत असेल तर चार्जिंग बंद करून आधी सॉकेट आणि अर्थिंग तपासून घ्यावे. एक्स्टेंशन बोर्ड वापरू नये.

तुझ्या गाडीत स्टेपनी नाही, पंक्चरची बाटली आणि लहान पंप आहे. त्या बाटलीतले द्रव्य जुने होते आणि बाटलीवर तारीख छापलेली असते, ती पाहून मला कळव. माझा दुकानातला हवेचा गेज रुमालात बांधून मी तुझ्या गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवलेला आहे. तो पितळेचा आहे, खाली पडू देऊ नकोस. अलाइनमेंट या आठवड्यातच करून घे, कारण ते न करता नवे टायर घातलेस तर तेही असेच घासतील. येत्या १ जूनला पहिला रविवार आहे. सकाळी चहाच्या आधी चारही चाकांची हवा मोज आणि पुढचे डावे, पुढचे उजवे, मागचे डावे, मागचे उजवे या क्रमाने चार आकडे मला फोनवर सांग. मी वही उघडून बसेन.

जावईबापूंना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझे अप्पा