हायस्पीड रेल्वे मागण्याआधी राज्याच्या वाट्याची मर्यादा विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हायस्पीड रेल्वे खान्देशातूनही जावी, अशी मागणी करणारी पत्रं या सदरात अधूनमधून येतात. मुंबई-नागपूर हायस्पीड मार्गाची आखणी समृद्धी महामार्गाच्या अंगाने नाशिक, शिर्डी, जालना अशी झाली आणि ज्या भुसावळवरून मुंबई-नागपूर गाड्या दीडशे वर्षं धावताहेत ते बाजूला पडलं. राग येणारच. पण मी आयुष्यभर सरकारी हिशेब लिहिलेला माणूस. गाडी कुठून जाणार यापेक्षा तिच्यावर राज्याच्या तिजोरीतून किती जाणार आणि ते कुठे थांबणार, हे मला आधी विचारावंसं वाटतं.

रेल्वे केंद्राची, मग राज्याचा पैसा लागेलच कशाला, असं पुष्कळांना वाटतं. रेल्वे संघसूचीत आहे हे खरंच. पण राज्यघटनेच्या अनुच्छेद 282 नुसार केंद्र किंवा राज्य कोणत्याही सार्वजनिक कामासाठी अनुदान देऊ शकतं, मग तो विषय त्याच्या कायदे करण्याच्या अधिकारात नसला तरी चालतो. खासदार निधीच्या खटल्यात घटनापीठाने 2010 साली या तरतुदीचा अर्थ ऐसपैसच लावला. तेव्हा रेल्वे आपला विषय नाही म्हणून राज्याचा पैसा अडेल, ही आशा सोडलेली बरी. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या कंपनीत महाराष्ट्राचं भागभांडवल 5,000 कोटी ठरलं. मार्ग 508 किलोमीटरचा, त्यातले आपल्या राज्यात सुमारे 156. स्थानकं वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार, बोईसर. शहाद्याचा दुकानदार भरतो तो करही त्यात आला. नंदुरबारकराला सुरतेचं स्थानक जवळ पडेल, एवढाच काय तो आमचा लाभ!

विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय राज्याच्या एकत्रित निधीतून, म्हणजे मुख्य तिजोरीतून, एक रुपया काढता येत नाही, असं अनुच्छेद 266 सांगतो. कागदावर हे बंधन भक्कम आहे. प्रत्यक्षात शेवटच्या दिवशी खात्यांच्या खर्चाच्या उरलेल्या सगळ्या मागण्या गिलोटिन लावून चर्चेविना मंजूर होतात. पुरवणी मागण्यांत एखाद्या नव्या बाबीपुढे हजार रुपयांची लाक्षणिक मागणी असते. हजार रुपयांना कोण हरकत घेणार? पण ती एकदा मंजूर झाली की नवी बाब मान्य झाली, आणि खरी रक्कम इतर शीर्षांच्या बचतीतून वळवता येते. यात बेकायदा काहीच नाही, म्हणून तर ते कुणाच्या डोळ्यात येत नाही.

कर्जाचंही तेच. अनुच्छेद 293 प्रमाणे विधिमंडळ कायदा करून राज्याच्या कर्जाला आणि हमीला कमाल मर्यादा घालू शकतं. 2005 चा राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा एकूण तुटीला वेसण घालतो, पण एका प्रकल्पावर किती खर्चायचं हे सांगत नाही. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड मार्ग बघा. 235 किलोमीटर, अंदाज 16,039 कोटी. राज्य आणि रेल्वे यांचा प्रत्येकी 20 टक्के वाटा, उरलेले 60 टक्के कर्ज आणि भांडवलातून. पुढे खोडदच्या महादुर्बिणीमुळे मार्गच बदलायची वेळ आली, ती गोष्ट वेगळी. असं कर्ज प्रकल्प राबवणाऱ्या महामंडळाच्या नावावर असतं आणि अर्थसंकल्पाच्या पुस्तकात ते दिसत नाही. राज्याच्या तिजोरीतून फेडलं जाणारं महामंडळाचं कर्ज केंद्र 2022 पासून राज्याच्याच मर्यादेत धरतं. कर्जमर्यादेच्या या वादात केरळ सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2024 मध्ये प्रकरण घटनापीठाकडे सोपवलं गेलं.

बरं, सही झाल्यावर हात आखडता घेता येतो का? दिल्लीने घेऊन पाहिला. दिल्ली-मेरठ प्रादेशिक जलद रेल्वे 82 किलोमीटरची. निधी नाही म्हणून दिल्ली सरकारने आपला वाटा थकवला. सर्वोच्च न्यायालयाने जाहिरातींच्या खर्चाचा हिशेब मागितला, तर तीन वर्षांत सुमारे 1,100 कोटी निघाले. जुलै 2023 मध्ये दोन महिन्यांत 415 कोटी भरण्याचा आदेश झाला. तो पाळला गेला नाही, तेव्हा नोव्हेंबरात न्यायालयाने जाहिरातींचाच पैसा तिकडे वळवण्याची तंबी दिली. न्यायालयाचं यात काही चुकलं असं मी म्हणत नाही, कबूल केलेला वाटा द्यायलाच हवा. माझा मुद्दा त्याच्या आधीचा आहे. खर्चाला लगाम घालायचा तो कबुली देण्यापूर्वी, नंतर न्यायालय मर्यादा घालत नाही, वसुली करतं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाने 2008 साली मतदारांना विचारून हायस्पीड रेल्वेसाठी 995 कोटी डॉलरचे रोखे मंजूर करून घेतले. लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्को दोन तास चाळीस मिनिटांत, आणि गाडी चालवायला सरकारी अनुदान नाही, या अटी कायद्यातच लिहिल्या होत्या. निधीचा आराखडा कायद्याला धरून नाही, असं 2013 मध्ये एका न्यायाधीशाने ठरवलं, वरच्या न्यायालयाने पुढच्या वर्षी ते फिरवलं. प्रकल्पाचा खर्च तर कुठल्या कुठे गेला. तरी लोकांना बोट ठेवायला एक कलम होतं. आपल्याकडे बोट कशावर ठेवायचं?

म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबारच्या आमदारांना विनंती आहे की हायस्पीडची मागणी करायची तर जरूर करा, पण राज्याचा वाटा स्वतंत्र विधेयकाने ठरवा असंही म्हणा. त्यात कमाल रक्कम असावी, अंदाज वाढला तर सरकारला पुन्हा सभागृहात यावं लागावं, महामंडळाच्या कर्जाला राज्याची हमी किती आणि गाडी तोट्यात गेली तर तो कोण भरणार हेही लिहिलेलं असावं. अनुच्छेद 371(2) मधल्या विकासनिधीच्या समन्यायी वाटपाच्या भरवशावर राहू नका. त्यात खान्देश ‘उर्वरित महाराष्ट्रा’त, म्हणजे पुणे-कोल्हापूरच्या पंगतीला बसतो, आणि त्यासाठीच्या वैधानिक विकास मंडळांची मुदत तर एप्रिल 2020 मध्येच संपली.

आमची निकड तशी साधी आहे. मनमाड-इंदूर मार्गाला सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी मिळाली, 309 किलोमीटर आणि 18,036 कोटी. धुळे-शिरपूरकरांनी त्यासाठी किती वर्षं निवेदनं दिली ते सर्वांना ठाऊक आहे. जळगाव-मनमाड चौथी लाइन, भुसावळ-खंडवा तिसरी-चौथी लाइन मंजूर आहेत. पाचोरा-जामनेरची ‘पीजे’ ब्रॉडगेज होऊन बोदवडपर्यंत जायची आहे. रावेर-सावद्याच्या केळीला वेळेवर वॅगन मिळाली तर शेतकऱ्याला ताशी तीनशेचा वेग नको आहे. ही कामं रेल्वेच्या पैशाची आहेत हे मला कळतं. पण जिथे राज्याने हात लावला तर काम पुढे सरकेल, तिथे ‘निधी उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं, आणि हायस्पीडच्या वाट्याला तेच उत्तर कधी मिळत नाही.

पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात आपल्याकडच्या एका तरी आमदाराने तारांकित प्रश्न टाकावा. हायस्पीड आणि सेमी हायस्पीड प्रकल्पांसाठी राज्याने आजवर दिलेलं भागभांडवल किती, हमी किती, आणि कोणत्या लेखाशीर्षाखाली? उत्तर छापील येतं. ते आपण याच पानावर द्यावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त लेखा कर्मचारी
अमळनेर, जि. जळगाव